अपघातानंतर, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा नाचणं: बातम्या काय सांगतात आणि काय गाळतात

तुमच्या फोनवरही असा व्हिडिओ येऊन गेला असेल. केमोथेरपीची शेवटची सलाईन संपली आहे, डोक्याला रुमाल बांधलेली रुग्ण वॉर्डमध्येच गाण्यावर ठेका धरते आहे, नर्स टाळ्या वाजवत आहेत. किंवा कृत्रिम पाय लावलेला तरुण रंगमंचावर गिरकी घेतो आहे. खाली कौतुकाचे ढीग. मग कुणीतरी जवळचं माणूस तो व्हिडिओ तुम्हाला पाठवतं आणि सोबत एक ओळ लिहितं, ‘बघ, हिला जमतं, मग तुला का नाही?’

ज्यांना ही ओळ आली आहे आणि ज्यांनी ती चांगल्या हेतूने पाठवली आहे, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे. मोठा अपघात, भाजणं, अवयव गमावणं, स्तनाची शस्त्रक्रिया किंवा शरीरावर झालेला अत्याचार यातून गेलेल्या माणसाला नृत्याचा उपयोग होऊ शकतो, हे खरं आहे. पण कसा, किती आणि कोणत्या अटींवर, हे त्या तीस सेकंदांत दिसत नाही.

‘गोळ्यांपेक्षा नाच बरा’ ही बातमी कुठून आली?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी संशोधकांनी २१८ अभ्यास आणि १४,१७० लोकांची माहिती एकत्र केली. चालणं, धावणं, योगासनं, वजन उचलणं या सगळ्यांचा उपयोग दिसला. आकड्यांत नृत्याचा परिणाम मोठा दिसला आणि जगभरच्या बातम्यांनी तेवढंच उचललं. आपल्याकडेही ‘औषधं सोडा, नाचा’ असे संदेश फिरले.

मूळ आढावा वाचला तर दोन गोष्टी लक्षात येतात. चौदा हजारांपैकी नृत्याच्या अभ्यासांत होती ती जेमतेम शंभरेक माणसं. एवढ्या थोड्या लोकांवरून काढलेला आकडा मोठा दिसला तरी डळमळीत असतो, आणि संशोधकांनीही तो जपून घ्यायला सांगितलं आहे. दुसरं म्हणजे हा आढावा नैराश्याबद्दल होता. जखमेनंतर स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. तेव्हा ही बातमी वाचून चालू असलेली गोळी बंद केली असेल, तर आजच तुमच्या डॉक्टरांना तसं सांगा. नैराश्याची औषधं एकदम थांबवल्याने त्रास होऊ शकतो.

शरीराची प्रतिमा म्हणजे आरशातला चेहरा नव्हे

‘बॉडी इमेज’ म्हटलं की लोकांना वाटतं, दिसण्याची काळजी. घरातली मंडळी मग त्यावरच उत्तर देतात: ‘तू अजूनही छान दिसतेस’, ‘कपड्यात काही कळत नाही’. हे ऐकून बरं वाटलं नाही की रुग्णाला वाटतं, आपणच कृतघ्न आहोत.

खरं तर आपल्या शरीराची जाणीव मेंदूत अनेक धाग्यांनी विणलेली असते. डोळ्यांना काय दिसतं हा त्यातला एक धागा. त्वचेला काय जाणवतं, सांधा कुठवर वळतो, तोल कसा राहतो, हृदयाची धडधड आणि श्वास आतून कसा वाटतो, हे बाकीचे. मोठ्या आघातानंतर हे धागे एकमेकांशी जुळेनासे होतात. स्तन काढल्यावर छातीचा आणि दंडाच्या आतल्या बाजूचा भाग बधिर होतो, कारण तिथल्या त्वचेच्या नसा शस्त्रक्रियेत दुखावतात. स्वतःच्या हाताने स्वतःला स्पर्श केला तरी तो दुसऱ्याचाच भाग वाटतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेला पाय खाजतो, दुखतो. अत्याचारातून गेलेली व्यक्ती दिसायला धडधाकट असते, पण गळ्याखालचं शरीर आपलं नाहीच अशा तऱ्हेने ती वावरते. अंघोळ घाईघाईने उरकते, कपडे दिवा बंद करून बदलते.

‘छान दिसतेस’ हे वाक्य फक्त दिसण्याच्या धाग्यापर्यंत पोचतं. हालचाल मात्र बाकीच्या धाग्यांनाही हात घालते. पाय जमिनीवर आपटला की जमीन परत उत्तर देते. हात वर गेला की खांद्याला कळतं, काल इथवर जात नव्हता. ‘मी कशी दिसते’ यावरून लक्ष ‘हे शरीर अजून काय करू शकतं’ याकडे वळतं. शरीराच्या प्रतिमेवर काम करणारे तज्ज्ञ आज जे उपाय वापरतात, त्यातल्या बऱ्याच उपायांचा गाभा हाच आहे. त्यात ताल आला आणि सोबत माणसं आली की आणखी काहीतरी घडतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या २६४ किशोरवयीन मुलामुलींवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका तालात एकत्र नाचल्यावर त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढली आणि एकमेकांबद्दल जवळीकही वाढली. ही मुलं आजारी नव्हती, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा रुग्णांना लावता येणार नाही. पण भजनात टाळ धरणाऱ्या किंवा लेझीम खेळलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

सुधा चंद्रन यांची गोष्ट, पूर्ण

आपल्याकडे या विषयावर कुणी बोलू लागलं की सुधा चंद्रन यांचं नाव येतंच. मुंबईत वाढलेली ही भरतनाट्यम नर्तकी. १९८१ मध्ये तमिळनाडूत बसचा अपघात झाला, पायाच्या जखमेत गँगरीन झालं आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याकडे त्यांनी ‘जयपूर फूट’ बसवून घेतला आणि १९८४ च्या जानेवारीत मुंबईत पुन्हा रंगमंचावर नृत्य केलं. त्यांच्याच आयुष्यावर ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट निघाला, मग हिंदीत ‘नाचे मयूरी’. दोन्हींत त्यांनी स्वतःच काम केलं.

गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना आपण काय गाळतो ते पाहा. अपघात आणि तो कार्यक्रम यांच्यात अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. सरावाच्या वेळी पायाच्या उरलेल्या भागातून रक्त येत असे, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्या लहानपणापासून नृत्य शिकत होत्या, म्हणजे परत जाण्यासाठी त्यांच्याकडे ओळखीची वाट होती. आणि कृत्रिम पायही त्या कामाला साजेसा मिळाला. जयपूर फूटचा रबरी पाऊल वाकतं, त्यामुळे अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं. घट्ट, न वाकणारं पाऊल लावून, बुटाशिवाय, भरतनाट्यम करणं जवळजवळ अशक्यच. जिद्द होतीच. तिच्या जोडीला वेळ, तंत्र, गुरू आणि घरच्यांचा आधार होता.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी एक व्हिडिओ प्रसिद्ध करून सांगितलं, की विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत त्यांना दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात आणि त्याने मन फार दुखावतं. सुरक्षा दलाने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं, की मानवी प्रतिष्ठा राखायची तर तपासणीसाठी कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत.

रंगमंचावरच्या पुनरागमनाला तेव्हा सदतीस वर्षं होऊन गेली होती. देशभर नाव झालेलं, तरीही तपासणीच्या टेबलापाशी त्यांचं शरीर पुन्हा ‘सुट्या भागांचं’ ठरत होतं. स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं हे एकट्या रुग्णाच्या मनात ठरत नाही. समोरचा माणूस त्या शरीराशी कसा वागतो, यावरही ते ठरतं. घरच्या मंडळींनी या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्यावी, असं मला वाटतं.

कर्करोगाच्या रुग्णांबाबत पुरावा काय सांगतो

स्तनाच्या कर्करोगानंतर नृत्य किंवा नृत्योपचार यांवर थोडे अभ्यास झाले आहेत. वैद्यकीय पुराव्यांची कडक छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ मध्ये त्यांचा आढावा घेतला. निकषांत बसणारे अभ्यास मिळाले फक्त तीन, एकूण रुग्ण २०७. नैराश्य, चिंता, थकवा आणि शरीराची प्रतिमा, यांपैकी कशावरही नृत्योपचाराचा परिणाम होतो असा पुरावा मिळाला नाही. जीवनाची गुणवत्ता सुधारू शकते, असं एका अभ्यासात दिसलं.

असाच एक छोटा अभ्यास अमेरिकेत झाला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या ३५ स्त्रियांनी तो पूर्ण केला. बारा आठवड्यांच्या नृत्यवर्गाने त्यांच्या जीवनाच्या गुणवत्तेचे गुण वाढले. शरीराची प्रतिमाही सुधारली, पण वर्ग न केलेल्या गटातही ती तितकीच सुधारली.

निराश होऊ नका. ‘पुरावा मिळाला नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही हे सिद्ध झालं’ असं नव्हे. पन्नास-साठ स्त्रियांच्या अभ्यासात मध्यम आकाराचा फायदा निसटू शकतो. शिवाय प्रश्नावलीत ‘तुम्ही किती आकर्षक आहात असं वाटतं’ असं विचारतात. ‘अंघोळ करताना हात छातीवरून न घाबरता फिरला का’ असं सहसा विचारत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात मला ऐकू येणारा बदल बहुतेकदा या दुसऱ्या प्रकारचा असतो. तो पुरावा नाही, हेही कबूल करतो. म्हणून प्रामाणिक उत्तर असं: नृत्य हा आधार देणारा उपाय आहे, त्यात धोका कमी आहे, आणि आवडत असेल तर करून पाहण्यासारखा आहे. पण मूळ उपचार, फिजिओथेरपी किंवा समुपदेशन यांची जागा तो घेऊ शकत नाही.

अत्याचारातून गेलेल्यांसाठी वाट वेगळी आहे

नृत्य-हालचाल उपचार ही पद्धत काल-परवाची नाही. अमेरिकेत मॅरियन चेस या नर्तकीने १९४० च्या दशकात वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसह, हे काम सुरू केलं. भारतात या कामाशी जोडलेलं मोठं नाव ‘कोलकाता संवेद’. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये ही संस्था सुरू केली आणि मानवी तस्करीतून सोडवलेल्या मुलींसोबत नृत्याच्या माध्यमातून काम केलं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर त्यांनी या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालवला आहे.

इथे नाचाचे धडे देणं हा हेतूच नसतो. ज्या मुलीच्या शरीराबाबतचा प्रत्येक निर्णय दुसऱ्यांनी घेतला, तिला पुन्हा पुन्हा छोटे निर्णय घ्यायला मिळतात. उभं राहायचं की बसायचं? डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे? भिंतीजवळ की दाराजवळ? आज नकोच? हातवारे सुंदर दिसतात की नाही हे कुणी पाहत नाही. ‘नाही’ म्हटलं आणि कुणी रागावलं नाही, हा अनुभवच उपचाराचा मोठा भाग असतो.

धोकाही इथेच आहे. जोरात नाचलं की छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो. भीतीच्या वेळीही शरीर हेच करतं. ज्यांना आघातोत्तर ताणाचा त्रास आहे, त्यांच्या शरीराला हा फरक पटकन कळत नाही आणि भर वर्गात तो जुना प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहू शकतो. एखादं गाणं, अत्तराचा वास, मागून खांद्यावर पडलेला शिक्षकाचा हात एवढंही पुरतं. म्हणून सुरुवात संथ, शक्यतो बसून, डोळे उघडे ठेवून. पाय जमिनीला टेकलेले. जोडीचा नाच नाही. विचारल्याशिवाय स्पर्श नाही. असं काही उसळून आलं तर थांबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, तळपाय जमिनीवर दाबा, पाणी प्या. वर्गानंतर रात्री-रात्री झोप येत नसेल, दुःस्वप्नं वाढली असतील किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वर्ग थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रत्येक नाच बरा करत नाही

नृत्याच्या जगाचा आणखी एक चेहरा आहे. नर्तकांमध्ये खाण्याचे विकार इतरांपेक्षा सुमारे तिप्पट आढळतात, असं २०१४ च्या एका आढाव्यात दिसलं. भिंतभर आरसे, घट्ट कपडे, सतत चुका काढणारे डोळे यांनी धडधाकट मुलींचीही स्वतःच्या शरीराशी दुष्मनी होते. नुकत्याच भाजलेल्या किंवा स्तन गमावलेल्या व्यक्तीला अशा वर्गात घालणं म्हणजे जखमेवर मीठ. वर्ग निवडताना आरसे आहेत का, असले तर पडदा ओढता येतो का, सैल कपडे चालतात का, वार्षिक कार्यक्रमाची सक्ती आहे का, व्हिडिओ काढून टाकतात का, हे आधी विचारा. शिक्षक किती नावाजलेले आहेत हे नंतर पाहू.

खरं तर आपल्या घरातच आरसा नसलेला नाच आहे. मंगळागौरीचे खेळ, झिम्मा, फेर. गोलात उभं राहायचं, ताल सगळ्यांचा, बघे कुणीच नाहीत. तरीही स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बायका नेमक्या या कार्यक्रमांना जाणं बंद करतात. पदर सरकेल, ब्लाउजची एक बाजू सपाट दिसेल, आत ठेवलेला कापडी गोळा उडी मारताना वर येईल, ही भीती त्यामागे असते. ती फाजील नाही आणि तिच्यावर साधा उपाय आहे: आत खिसा शिवलेली ब्रा आणि त्यात बसणारा, योग्य वजनाचा कृत्रिम स्तन. कर्करोग रुग्णालयातल्या समाजसेविकेला किंवा परिचारिकेला विचारा, त्या संकोच न करता सांगतात. ‘या वयात, या अवस्थेत नाचतेस?’ असं म्हणणारी एखादी आत्या प्रत्येक घरात असते. तिला उत्तर रुग्णाने द्यायला लागू नये, घरच्यांनी द्यावं.

सुरू करण्याआधी शरीराचं ऐका

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या क्रमानेच करा. नळी निघेपर्यंत आणि टाके भरून येईपर्यंत मोठ्या हालचाली नकोत. नंतर झिम्मा चालेल, पण फुगडीत हाताला जोरदार ओढ बसते, ती त्या बाजूला टाळा. बांगडी किंवा ब्लाउजची बाही घट्ट होऊ लागली, हात जड वाटू लागला, तर ती लसीका साचून येणाऱ्या सुजेची सुरुवात असू शकते. वाट न पाहता दाखवा.

भाजलेल्या जागी त्वचारोपण झालं असेल तर त्या त्वचेला घाम येत नाही. मोठा भाग भाजला असेल तर शरीर लवकर तापतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या हॉलमध्ये नाचणं हा मूर्खपणा ठरेल. सकाळची वेळ, पंखा आणि पाणी हवं. व्रण पक्व व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि तोवर ते आखडत राहतात. हळू ताण देणाऱ्या हालचालींचा तिथे फायदा होतो, मात्र कातडी फाटली तर थांबायचं.

कृत्रिम पाय लावून नाचल्यावर तो काढा आणि उरलेल्या भागाची त्वचा उजेडात नीट पाहा. लाली वीसएक मिनिटांत गेली नाही, फोड आला किंवा कातडी सोलली, तर पाय पुन्हा लावू नका; सॉकेट तपासून घ्या. मधुमेह असेल तर दुसऱ्या पायाचीही तितकीच तपासणी, कारण तिथली जखम दुखत नाही आणि कळत नाही.

नृत्योपचारक शोधताना त्यांचं प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झालं हे सरळ विचारा. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत नृत्य आणि हालचाल उपचार करणाऱ्यांचा समावेश आहे, पण तुमच्या गावात पाटी लावलेला प्रत्येक जण प्रशिक्षित असेलच असं नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र दाखवून ‘आघात बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. चांगला उपचारक तुमच्या डॉक्टरांचं नाव विचारतो, औषधं बंद करायला सांगत नाही आणि पहिल्याच भेटीत रडवत नाही.

उपचारक जवळ नसेल तर घरी सुरू करता येतं. दार बंद, आवडतं एक गाणं, आरशाकडे पाठ. पहिल्या दिवशी फक्त तळपाय हलले तरी चालेल. गाणं साधारण चार मिनिटांचं असतं, तेवढंच. आठवडाभर करून पाहा, आणि त्या चार मिनिटांत घरातल्या कुणीही आत डोकावू नये किंवा फोन पुढे धरू नये.